सहा फुटांची गोकर्ण

दादा,

काल पहिल्यांदाच कुणीतरी तुझ्या चित्राला हत्तीचा कान म्हटलं. घाटकोपरहून आलेली एक आजी होती. सुनेचा हात धरून दारातून आत आली, समोरची भिंत बघितली आणि तिथेच उभी राहिली. "अगो बाई, केवढा हा कान! हत्तीचाच दिसतोय." सून दबक्या आवाजात म्हणाली, "अहो आई, फूल आहे ते." तर म्हणते कशी, "असू दे की. आधी कान आहे, मग फूल." मला इतकं हसू आलं, की हातातलं पेन खाली ठेवावं लागलं. आता हे संध्याकाळी दादाला सांगायचं, हा पहिला विचार मनात आला. तू नाहीस हे त्याच्या मागून आठवलं. तू गेल्यापासून रोज असंच होतंय. आधी तुला सांगायचं सुचतं, मग तू नसल्याचं आठवतं.

तुझ्या तेराव्याला लोक चांगलं बोलले. मनमिळाऊ, कष्टाळू, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. सगळं खरंच. पण असा माणूस कुठल्याही बिल्डिंगमध्ये सापडेल. भाकरी करपण्याच्या बेतात असताना ओट्याला पाठ लावून, एक डोळा मिटून भिंतीकडे बघणारा माणूस कुणी सांगितला नाही. म्हणून मी लिहायला बसलेय.

ह्या प्रसूतिगृहाच्या काउंटरवर मी इतकी वर्षं बसले, पण तुझं चित्र समोर लागेपर्यंत इथल्या बाकांवर बसलेल्या बायका काय बोलतात तिकडे माझं लक्षच नव्हतं. चित्र लागलं आणि त्या बोलायला लागल्या. मुलुंडच्या, भांडुपच्या, पार गोवंडीहून आलेल्या. नंबर यायला वेळ असतो, पोटातलं बाळ लाथा मारत असतं, नजर भिंतीवर जाते. कुणाला मोराची मान दिसली. कुणाला पैठणीचा पदर. एक मुलगी पहिलटकरीण होती, घाबरलेली. ती म्हणाली, "ह्याच्या आत शिरून झोपावंसं वाटतं." तिच्या नवऱ्याला मात्र ग्रामोफोनचा भोंगा दिसला. आणि रोज संध्याकाळी मी घरी जाताना तुमच्याकडे डोकावले, की चप्पल काढायच्या आत तुझा प्रश्न, "काय गो सुमे, आज काय म्हणाले?"

मी सांगायचे. तू ऐकायचास, मान डोलवायचास आणि म्हणायचास, "असेल."

ह्या 'असेल'ने मी किती वैतागायचे, तुला माहितीये.

गिरणीच्या डिझाईन खात्यात तू जन्मभर फुलं काढलीस. साडीवरची, चादरीवरची, परकराच्या कापडावरची. अंगठ्याच्या नखाएवढी फुलं. त्या कामाची एक अट होती, ती तूच मला समजावली होतीस. डावीकडे जी पाकळी अर्धी कापली जाते, ती उजवीकडून नेमकी तिथूनच सुरू झाली पाहिजे. छापताना तुकड्याला तुकडा लागत जातो, सांधा कुठे दिसता कामा नये. "माझं प्रत्येक फूल शेजारच्याला धरून उभं असतं," तू म्हणायचास, थोडं अभिमानाने, थोडं कंटाळून.

मग संप झाला आणि गिरणी बंद पडली ती पडलीच. आपल्या बाबांनी त्याच गिरणीत माग चालवले होते, तुला त्यांनीच चिकटवलं होतं. ते असते तर त्यांनी शिव्या घातल्या असत्या, भांडले असते. तू गप्प बसलास. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचास, समोरच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळायची त्याकडे बघत, पण कुठला बॅट्समन आऊट झाला ते विचारलं तर तुला सांगता यायचं नाही. वहिनी साड्यांना फॉल-बिडिंग करून देत होती. तुझी दाढी वाढलेली. मी रोज कामावर जाताना खालून गॅलरीकडे बघायचे आणि तू दिसलास की सुटकेचा निःश्वास टाकायचे. का, ते मी कधी बोलले नाही. तुझ्याशी नाही, वहिनीशीही नाही. तीही काही बोलली नाही, पण जिन्यात भेटली की माझा हात धरायची आणि लगेच सोडायची नाही.

आणि मग ती सकाळ. मी डोकावले तर तू रॉकेलच्या डब्यातल्या गोकर्णीच्या वेलावर वाकलेला. डोळ्याला गिरणीतलं भिंग, सूत बघायचं ते बारीक, पितळी कडेचं.

"सुमे, इकडे ये. बघ."

"उशीर होतोय रे."

"बघ म्हणतो ना."

मी बघितलं. "निळं आहे."

"निळं काय निळं! नीट बघ गो."

मग मी नीट बघितलं. पाकळीवर शिरा होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या हातावर असतात तशा. मधे पांढरं, त्यात किंचित पिवळं, आणि निळं त्याच्या कडेला येऊन थबकलेलं, आत शिरू की नको असं. कड सरळ नव्हतीच, उसवलेल्या फॉलसारखी जरा जरा वर गेलेली. हे फूल मी रोज देवाला वाहत होते. त्या दिवशी माझी बस चुकली आणि तू मला म्हणालास, "आपल्याला कधी दिसलंच नाही हे." किती दिवसांनी पूर्ण वाक्य बोलला होतास!

पुढच्या आठवड्यात तू खालच्या सुताराकडून लाकडी पट्ट्या आणल्यास. खोलीतच चौकट ठोकलीस, सहा फूट लांब, जवळपास तेवढीच उंच. घरात पडलेला मांजरपाट ताणून बसवलास आणि घराला लावतात त्या ऑइल पेंटचे डबे हार्डवेअरवाल्याकडून आणलेस. कपाट सरकलं, कॉट सरकली. वहिनीचं शिवणाचं मशीन गॅलरीत गेलं. जेवायला बसलं की शेजारी चौकटीची कड. आमटीत टर्पेंटाईनचा वास यायचा.

"अवो, मी ह्या खोलीत ऱ्हवू की त्या फुलात?" वहिनी ओरडायची. पण ओरडताना तिचा चेहरा उजळलेला असायचा, कारण तू उलट ओरडायचास. घरात आवाज परत आला होता.

आपलं भांडण तिथेच सुरू झालं.

"एवढं मोठं कशाला काढायचं?" मी म्हटलं. "देवाने फूल केलंय ते मापातच केलंय की."

"मुंगीला विचार तिला केवढं दिसतं."

"मी मुंगी नाही."

"म्हणून तर तुझ्यासाठी मोठं काढतोय."

 तू तिथेच थांबला नाहीस. ब्रश पुसत म्हणालास, "आणि बघ, ह्या फुलाला शेजारच्याशी जुळवायचं नाहीये. एकटंच आहे. पाकळी कुठेही जाऊ दे." ते बोलताना तुझा हात कोपरापर्यंत निळा झाला होता. मी घरी गेले आणि मोरीत तोंड धुताना रडले. आनंदानेच रडले, हे आता सांगते.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच सुमारास हॉलला नवा रंग दिला होता. भिंतीवरची गुटगुटीत बाळांची कॅलेंडरं काढून टाकली होती, ती मोठी भिंत रिकामी होती. मी धीर करून म्हटलं, "माझ्या भावाने एक चित्र काढलंय. फुलाचं."

"आण की. केवढं आहे?"

"मोठं आहे."

"मोठं म्हणजे?"

"दारातून निघेल असं वाटतं."

दारातून निघालं, जरा तिरकं करून. पण जिन्याच्या वळणावर जे अडकलं ते अडकलंच. ना खाली, ना वर. दोन्ही बाजूंनी माणसं खोळंबलेली, एकाच्या हातात दुधाची पिशवी, एकाच्या खांद्यावर सायकल. शेवटी परत वर नेलं आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोराने खाली सोडायचं ठरलं. रविवार होता, अख्खी बिल्डिंग घरात. वर तू, वहिनी आणि शेजारचे दोघं दोर धरून. खाली मी, टेम्पोवाला आणि मैदानातली पोरं, क्रिकेट थांबवून आलेली.

दादा, तुला ते दृश्य मी किती वेळा सांगितलं, तरी परत सांगते. कठड्यावरून आधी नुसती निळी कड आली. मग ते हळूहळू उलगडत गेलं, उन्हात, वाऱ्यावर जरासं डोलत.  मग एकदम गलका. "मोर उतरतोय, मोर!" पोरं ओरडली. पहिल्या मजल्यावरच्या पेन्शनर काकांच्या गॅलरीसमोर ते आलं, तेव्हा काका बनियनवर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि हात जोडले. "नीलकंठ!" टेम्पोवाला मला विचारतो, "बाई, साडीच्या दुकानाचा बोर्ड आहे का? झकास आहे, पण नाव नाही टाकलं."

आणि तू वरून ओरडतोयस, "काय म्हणतात गो? सुमे, काय म्हणतात?"

"दोर सांभाळ आधी!"

तुला फक्त मागची बाजू दिसत होती. कोरा मांजरपाट आणि खिळे. खोलीत तुला कधी चार पावलांपेक्षा जास्त मागे सरकता आलं नव्हतं आणि आता पहिल्यांदा ते लांबून दिसण्यासारखं झालं, तर तू दोर धरून वर. तू धावत खाली आलास तोवर टेम्पोवाल्याने त्याच्यावर चादर टाकून बांधूनही टाकलं होतं. तू त्याच्याकडे असं बघितलंस, की तो बिचारा "सोडू का परत?" म्हणाला.

मग तू ते पहिल्यांदा अख्खं बघितलंस ते इथे, हॉलमध्ये. समोरच्या बाकावर, दोन सासवांच्या मधे बसून. बराच वेळ बसलास. एका सासूने तुला विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" तू भिंतीकडे बोट दाखवणार होतास बहुतेक, पण नुसता हसलास.

वहिनी त्या दिवशी टेम्पोत बसली नाही. नंतरही कधी इथे आली नाही. तुम्हाला मूल नाही, आणि प्रसूतिगृहाच्या बाकावर बसलेल्या बाईला शेजारची पहिला प्रश्न काय विचारते ते तिला पाठ होतं. तू आग्रह केला नाहीस. मीही नाही.

आता हेडमास्तरांची गोष्ट. ती तू असतानाच आपल्यात इतकी गाजली, की तुला सांगायची गरज नाही. पण ती आठवली की मी अजून एकटीच हसते, म्हणून लिहिते.

ते निवृत्त हेडमास्तर होते, मुलीला तपासायला घेऊन यायचे. मुलीला आई नव्हती. सगळं तेच करायचे, फायली, गोळ्या, डबा. एक दिवस चष्मा पुसून ते काउंटरवर आले. "हे चित्र इथे कसं काय लावलंय?"

"का हो सर?"

"इथे लेकीबाळी बसतात."

मला कळेचना. मग त्यांचे कान लाल झालेले बघितले, आणि बाईच्या अंगाचा कुठला भाग त्यांना त्या पाकळ्यांत दिसला ते कळलं. ते डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटले. बाई भिडस्त. म्हणाल्या, "सुमन, तात्पुरता पडदा लाव गं." मी पडदा लावला, आणि काय सांगू! उघडं असताना निम्म्या बायका विणकामात मान घालून बसायच्या. पडदा लागल्यावर येणारी प्रत्येकजण तो उचलून बघायला लागली. आयासुद्धा झाडू मारता मारता कोपरा वर करायची.

मला हसू येत नव्हतं. तुला सांगायची भीती वाटत होती. वाटलं, परत ती गॅलरी, परत ती खुर्ची. तरी सांगितलं. तू ऐकलंस. 'असेल'ही म्हणाला नाहीस. मग वहिनीला म्हणालास, "उद्या माझो तो पांढरो शर्ट इस्त्री कर."

दुसऱ्या दिवशी तू आलास तेव्हा हेडमास्तरांची मुलगी नेमकी आत होती, कळा सुरू झालेल्या. ते बाकावर एकटे, हातात रिकामा डबा घट्ट धरलेला. तू शेजारी जाऊन बसलास. मी काउंटरवर कानांत प्राण आणून.

"हे चित्र मी काढलंय," तू म्हणालास.

ते दचकले. "माझं तुमच्याशी वैर नाही."

"माझंही नाही. मला फक्त सांगा, तुम्हाला काय दिसतं?"

"चारचौघींत कसं सांगू?"

"मग कानात सांगा."

आणि दादा, हॉलमधल्या सगळ्या बायका श्वास रोखून बघत असताना त्या म्हाताऱ्या माणसाने खरोखर तुझ्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. तू लक्ष देऊन ऐकलंस. मान हलवलीस.

"बरोबर आहे तुमचं," तू म्हणालास.

 भांडायच्या तयारीत बसलेल्या माणसाला हे झेपेना. तू पुढे म्हणालास, "सर, फूल दुसरं असतं काय? आज फूल, उद्या त्याची शेंग होणार. तुम्ही इथे ज्याची वाट बघत बसलाय, झाडही त्याचीच वाट बघतं."

त्यांनी पडद्याकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "ते खरं हो. पण एवढं मोठं?"

तू इतक्या मोठ्याने हसलास, की आतून नर्स बाहेर आली. ती दटावायला आली असेल, पण मग तिला आठवलं आणि म्हणाली, "सर, मुलगी झाली. दोघी छान आहेत." हेडमास्तर उठले. उठताना आधाराला हात त्यांनी तुझ्याच खांद्यावर ठेवला.

चार-पाच दिवसांनी ते बर्फीचा पुडा घेऊन आले. सगळ्यांना वाटली, तुझी वाटणी माझ्याकडे वेगळी दिली. जाताना पडद्यापाशी थांबले, बोटाने कापड चाचपलं. "हा मळलाय फार. धुवायला टाका." मी टाकला. तो परत लागला नाही, कुणी विचारलंही नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. मी घाबरले. तर बाईंना हसू आवरत नव्हतं. म्हणाल्या, "अगं, कॉलेजात आम्हाला बॉटनी होतं. ह्या फुलाचं शास्त्रीय नाव काय आहे ते मी तुला सांगणार नाही, पण ज्याने ठेवलं त्याला हेडमास्तरांसारखंच दिसलं होतं!"

त्या संध्याकाळी तू म्हणालास, "एवढ्या लोकांत तो एकच माणूस. जे दिसलं ते दिसलं म्हणाला."

"म्हणजे तू तेच काढलंस?"

"मी गोकर्ण काढली."

"मग त्यांना बरोबर कसं म्हणालास?"

"तू मोर म्हणालीस तरी बरोबर म्हणेन."

"म्हणजे कुणीही काहीही म्हणावं, सगळंच बरोबर?"

तू विचार केलास. "नाही. कुणी म्हणालं कागदी फुलासारखं दिसतं, तर चूक."

माझं समाधान झालं नाही. मला वाटायचं, अजून वाटतं, की त्या निळ्याच्या मधलं पांढरं म्हणजे तुझ्या खात्याची ती उंच खिडकी आहे, जिच्याखाली तू जन्मभर बसून काम केलंस. बाजूचं सगळं निळं अंधारून आलंय, तिथे तुझी गप्प बसलेली वर्षं आहेत. मी हे तुला दहादा सांगितलं. तू म्हणालास, "गोकर्णीला मधे पांढरं असतंच." मी म्हटलं, "पण तू ते एवढं उजळ काढलंस." तू म्हणालास, "असेल." मी चिडून चहा न पिता निघून गेले. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "आज काय म्हणाले?" जसं काही झालंच नव्हतं.

हे भांडण अर्धंच राहिलं. तुझ्या शेवटच्या दुखण्यात मला ते पुढे न्यायचं सुचलं नाही, आणि तुला श्वास पुरत नव्हता. पण हरले असं मी म्हणणार नाही. खिडकीच आहे ती.

एक गोष्ट तू कधी विचारली नाहीस. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना काय दिसलं ते विचारलंस, पण मला ते आवडलं का, हे नाही. आवडलं रे. दुपारी हॉल रिकामा होतो, आया पाय पसरून बसते, मी डबा उघडते आणि समोर बघत जेवते. तेव्हा मला मोर, पदर, खिडकी काही दिसत नाही. नुसतं निळं दिसतं, आणि पोळी संपली तरी मी बसून राहते.

परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चित्र तुझ्या वहिनींचं आहे. त्यांना घरी हवं असेल तर आपण पाठवू. विचार त्यांना." मी विचारलं. वहिनी फॉलचा दोरा तोडत म्हणाली, "आधी बघूक तरी व्हया." मला वाटलं, बघायला हवं असं बोलण्यापुरतं बोलली असेल.

आज सकाळी अकराच्या गर्दीत ती दारात उभी होती. तिची चांगली साडी, हातात छोटी पर्स. मी उठणार तेवढ्यात फोन वाजला. उचलावा लागला, आणि मी फोन कानाला लावून नुसती बघत राहिले. वहिनी बाकाच्या टोकाला टेकली. शेजारी दिवस भरत आलेली एक बाई होती, वाकोल्याची, बोलकी. तिने वळून तो प्रश्न विचारलाच.

"काकी, तुमचं कोण आहे आत? मुलगी की सून?"

 पलीकडून कुणीतरी अपॉइंटमेंट विचारत होतं, मी काय उत्तर दिलं मला आठवत नाही.

वहिनी म्हणाली, "आत कोणी नाही गं. मी चित्र बघायला आलेय."

त्या बाईने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा वहिनीकडे. मग पोटाखाली हात धरून, बाकाला रेटा देत, ती हळूहळू पलीकडे सरकली.

"मग अशा मधे या," ती म्हणाली. "तिथून खांब येतो. इथून अख्खं दिसतं."

वहिनी सरकली. पर्स मांडीवर ठेवली, चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. मी फोन ठेवला, पण तिच्याजवळ गेले नाही. नंबर पुकारले गेले, बाक रिकामा झाला, परत भरला. बारा वाजून गेले तरी ती तिथेच होती. जाताना काउंटरपाशी आली आणि म्हणाली, "ऱ्हवू दे हयच."

काय दिसलं, ते मी तिला विचारलं नाही, दादा.

तुझी,
सुमन